कप्तानाची ताटली

"सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही," अशीच बाबांची सुरुवात असायची. मग ताटली भिंतीवरून उतरायची, त्यांच्या मांडीवर बसायची, आणि बाबा जहाज बुडवायला घ्यायचे.

जहाज दर वेळी वेगळ्या समुद्रात बुडायचं. कधी वादळाने, कधी खलाशांच्या भांडणाने, एकदा तर स्वयंपाक्याच्या शिंकेने. कप्तान मात्र न चुकता राणीने दिलेली ताटली छातीशी धरून पाण्यात उडी टाकायचा. पुढे ती एका माशाने गिळली, आणि मासा इतका चपटा झाला की कोळ्याने त्याला दाराखालच्या फटीतून घरात सरकवला. मुलीला लहानपणी हे सगळं तोंडपाठ होतं. आई अशा वेळी उठून आत जायची. "झालं का जहाज बुडवून?" एवढंच आतून विचारायची.

ताटली दिसायलाही तशीच होती. मधासारखी पिवळट, अंगभर बारीक भेगांचं जाळं, आणि त्याखाली धूसर लाल फुलं नि एक पक्षी. पक्ष्याला तीन पाय होते. राणीच्या देशात पक्ष्यांना तीनच असतात, असं बाबांचं म्हणणं. पाहुणे म्हणायचे, दोनशे वर्षांची तरी असेल हो. बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आईच्या शेवटच्या आजारात मुलीने हातचं काही राखलं नाही. कूस बदलून देणं, तोंड पुसणं, सगळं तिनेच केलं. आणि शेवटच्या सकाळी आई भिंतीवरच्या ताटलीकडे बघत म्हणाली, "तिचे हात पूस गं. रंग लागलाय."

"कोणाचे, आई? माझे?"

"तुझे नाही. तिचे."

त्यानंतर आई बोलली नाही.

ते 'तुझे नाही' मुलीच्या काळजात रुतून बसलं. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "तापात माणूस काहीही बोलतं," आणि लगेच कप्तानावर गेले. शेवटी एका दुपारी, बाबांचा डोळा लागल्यावर, तिने ताटली टॉवेलात गुंडाळली आणि चिनी मातीची भांडी सांधणाऱ्या बाईचं दुकान गाठलं.

दुकानात कान तुटलेले कप एका बाजूला आणि सुटे कान दुसऱ्या बाजूला, लग्नाच्या याद्या व्हायच्या राहिल्यासारखे समोरासमोर मांडले होते. "दोनशे वर्षांची आहे म्हणतात," मुलगी म्हणाली. बाईने ताटली बोटांवर तोलली, नखाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला.

"बद्द वाजतेय. हिला कोणीतरी स्वेटर घातलाय."

कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तिने एका फुलावर हळूहळू फिरवला. बोळा तपकिरी झाला. तो नाकाशी नेऊन बाई हसली.

"हे तर कपाटाचं व्हार्निश. चिनी मातीला कोण शहाणा व्हार्निश लावतो? तेही थरावर थर. पिवळी पडलीय ती त्यानेच, भेगाही त्याच्याच. तुमची दोनशे वर्षं डब्यातली आहेत, ताई."

मुलीला हसू आलं नाही. बाबांनी जन्मभर लाकडी सामानाला पॉलिश केलं होतं. दर वर्षी, थंडी सरता सरता, एक दिवस ते मागच्या खोलीचं दार लावून बसायचे आणि घरभर व्हार्निशचा वास सुटायचा. त्या दिवशी आई जेवायची नाही. वासाने डोकं चढत असेल, असं मुलीला वाटायचं.

बाईने मागे चिकटवलेलं जाड कापड सुरीने सोडवलं. खाली साधी पांढरी ताटली होती, आणि तिच्यावर निळा शिक्का. इस्पितळाचं नाव, त्याखाली 'मुलांचा वॉर्ड'.

"भट्टीतला रंगही नाही हा. शाळेतल्या पेटीतला, पाण्याचा. ओल्या फडक्यानेसुद्धा गेला असता. म्हणून वरून लावलं असेल."

मग तिने भिंग पुढे केलं. पुसलेल्या जागी फूल लखलखीत लाल निघालं होतं, आणि ते ओलं असताना त्याच्यावर कोणाचा तरी अंगठा टेकला होता. मुलीने आपला अंगठा शेजारी ठेवला. तिच्या नखावर तो मावला असता.

"तुमचा का?" बाईने विचारलं.

"नाही. माझ्या आधी कोणीतरी होतं."

बाईने बोळा खाली ठेवला. "बाकीचं पुसू?"

"नको."

ती घरी आली तेव्हा बाबा उठले होते. रिकाम्या खिळ्याखाली खुर्ची ओढून बसले होते. तिने ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. पुसलेली जागा त्यांना लगेच दिसली. बोट तिथे गेलं आणि हवेतच थांबलं.

मग त्यांनी ताटली मांडीवर नीट सरळ केली.

"सांगतो, पण तुझा विश्वास बसायचा नाही. हा अंगठा खुद्द कप्तानाचा. जहाजात पाणी शिरतंय, आम्ही सगळे हातघाईला आलोय, आणि हा गडी आपला बसून फुलं रंगवतोय. म्हटलं, पुरे आता, आडवा हो जरा. तर म्हणतो, थांबा, पक्ष्याला अजून एक पाय काढायचाय. दोन पायांवर दमेल म्हणाला तो."

"मग?"

"मग काय." बाबा भिंतीकडे बघू लागले. "मग जहाज बुडालं. पण कप्तान पट्टीचा पोहणारा. गेला की पोहत, हात हलवत, हसत."

मुलगी त्यांच्या पायाशी बसली.

"खोटं सांगताय, बाबा," ती म्हणाली. "ती पोहून नाही गेली."