न ठोकलेला जोड

नवलसिंग माझ्या पोटचा, पण तोंडात मूग धरून बसायची खोड त्याने कुठून उचलली देव जाणे. रनाळ्याचे जालमभाऊ आमच्या वर्कशॉपच्या दारात लोखंडी स्टँडचा तुटलेला पाय आपटून ओरडत होते. आम्ही करून दिलेला पाण्याच्या टाकीचा स्टँड जोडातूनच निखळला, टाकी आडवी झाली, खाली बांधलेली म्हैस थोडक्यात वाचली. आणि हा बाबा ग्राइंडरची वायर गुंडाळत उभा!

"बाईना हातनं काम, दुसरं काय व्हई!" जालमभाऊ म्हणाले.

मग मी तोंड सोडलं. कोणावर? सुनेवर. भूमिका आयटीआयला वेल्डिंग शिकून आलेली, निम्मं काम तीच करते. "तुले चूलच बरी होती," असं मी गिऱ्हाइकासमोर बोलले. तिने वेल्डिंगची काच खुंटीला अडकवली नि घरात गेली.

जालमभाऊ गेल्यावर मी तो पाय उन्हात नेला. अक्षरं मला फारशी लागत नाहीत, जोड मात्र वाचता येतो. वरून जाडजूड थर, आत लोखंडाने लोखंडाला धरलेलंच नाही. पाइप आखूड कापला गेलेला, नि फटीत वेल्डिंगच्या काडीचा तुकडा कोंबून वर लेप दिलेला. भूमिका आखूड पाइप बाजूला टाकते, दुसरा कापते. त्या नासाडीवरून मीच तिच्यावर करवादते.

तिला हाक मारली. पिठाच्या हातांनीच आली.

"हाऊ जोड तुन्हा शे का?"

"आत्या, मन्हा जोडवर तं तुम्ही बांगड्या फुटतीन इतली हातोडी मारतस. हाऊ कोनी ठोका?"

आमच्यात रीत आहे, ज्याने जोड मारला त्याने त्यावरची काळी खपली काढायची नाही. दुसऱ्याने ठोकून काढायची, म्हणजे आतली खोट दिसते. ते काम माझं. पण स्टँड जायच्या दिवशी नवलसिंग म्हणाला, "माय, तू बस, मी ठोकीसन रंग बी मारी टाका." आणि मी बसले. पोराचा जोड, म्हणून बसले. सुनेचा असता तर कमरेला हात लावून का होईना, उठले असते. वर तिलाच बोलले.

नवलसिंग जवळ येऊन पुटपुटला, "टेम्पोवाला घाई करी ऱ्हायन्ता, माय. कोनले लागनं तं नही ना?"

"तुन्ही बायकोले लागनं ना! ऐक आता. गाडी काढ. हाऊ पाय लिसन मी मांगे बठसू. जालमभाऊना दारमा, चार मानसंसमोर, तू सांगशी, जोड मन्हा, बोलनं खादं बायकोनी. मंग मी सांगसू, न देखता पास करनारी मी. आनि तुन्ही जीभ तठे उचलनी नही, तं या घरमा वेल्डिंगना होल्डरले परत हात लावू नको."