छपराचा अंदाज आणि गुणाबाईची शिडी

"ऐकलं का गं गौरम्मा, शिवकन्यानं सख्ख्या दाजीला शिडीवरून..."

नळावर गुणाबाई एवढंच बोलली आणि पाणी आलं. आमच्या गल्लीत पाणी आलं की बोलणं तिथंच टाकून बाया घागरी उचलतात. ते वाक्यही तसंच लोंबकळत राहिलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीनं ते आपापल्या परीनं पुरं केलं. कुणी म्हणालं हाकललं, कुणी म्हणालं ढकललं. एकीनं तर दाजींना दवाखान्यातसुद्धा नेऊन ठेवलं.

मला कुणी विचारलं नाही. आणि ती शिडी तर मीच!

रेणापूरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात, कुणाच्या तरी कामातून उरलेल्या लोखंडी पाइपांतून माझा जन्म झाला. गुणाबाईच्या नवऱ्यानं, व्यंकटीनं, मला घरावरची टाकी धुवायला म्हणून करून घेतलं. टाकी वर्षातून एकदा धुतली जाते. बाकीचे दिवस मी गल्लीची. कुणाची टीव्हीची डिश हलली, कुणाचं मांजर वर अडकलं, कुणाचा पत्रा वाजायला लागला, की "मावशी, शिडी द्या बरं." गुणाबाई कधी नाही म्हणत नाही. शिडी परत करायला येणाऱ्याकडून त्या घरची बातमी भाड्यासारखी वसूल करते, एवढंच.

मीही तिच्याच वळणावर गेलेय. लोकांच्या घरात वरून डोकावल्याशिवाय मला चैन पडत नाही. मात्र गुणाबाई माणूस तोंडावरून ओळखते, मी तळपायावरून. त्यामुळं माझी बातमी सहसा चुकत नाही.

शिवकन्याचं घर गुणाबाईच्या भिंतीला लागून. दोन खोल्या, वर पत्रा, पुढच्या खोलीत तिची पिठाची गिरणी. नवरा भागवत लातूरला तेलाच्या कारखान्यात रोज जाऊन-येऊन कामाला. गेल्या पावसाळ्यात गिरणीच्या मोटारीवर पाणी ठिबकलं, मोटार जळाली, आणि पलीकडच्या आळीतल्या गिरणीला गेलेलं गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत परतलं नाही. तेव्हापासून ती छपरासाठी पैसे बाजूला टाकत होती.

पैसे जमले आणि खरी अडचण तिथून पुढं सुरू झाली. तिची थोरली बहीण वर्षाराणी जळकोटला दिलेली. वर्षाराणीचा नवरा दयानंद पत्र्याचीच कामं घेतो. आता आपल्याकडची रीत काय सांगायची! घरचा माणूस त्या धंद्यात असताना बाहेरच्याला भाव विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. आणि घरच्या माणसालाच "ह्यात काय काय धरलंय?" असं विचारणं त्याहून वाईट.

दयानंद आला. उंबऱ्यात उभं राहून वर बघितलं, चहा घेतला आणि ठोक आकडा सांगून टाकला. शिवकन्यानं जमवलेल्या पैशांच्या दीडपट.

"सगळाच पत्रा बदलावा लागतोय बग. पाईपबी."

"दाजी, वर चढून बगता का? मावशीची शिडी हाय."

"अगं, उमर गेली माझी पत्र्यात. मला खालूनच दिसतंय."

मी भिंतीला टेकून ऐकत होते. पत्र्याचं दुखणं खालून दिसत नसतं. भोक असतं एकीकडं, पाणी पत्र्याखालच्या आधाराच्या पाइपाच्या कडेनं वाहत येतं आणि ठिबकतं भलतीकडं.

संध्याकाळी भागवत बायकोला म्हणाला, "साडूला न्हाई म्हनायचं? उद्या आक्का ह्या घरची पायरी चढंल का?"

"आक्काचं मागून बगू. आधी छपरावर कोन चढतंय ते बगू."

आणि सकाळी पदर खोचून तीच चढली. तिचा तळपाय मला तेव्हाच पटला. घट्ट, न डगमगणारा, टाचेला पीठ लागलेला.

वर गेली आणि थबकली. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून आमच्याकडं त्यावर दगड ठेवतात. एखाद्या वावटळीत पत्रा जरा वाजला की पुढच्या उन्हाळ्यात दगड वाढतात. भागवतनं असे किती वाढवले होते त्याला गणती नाही. शिवकन्यानं कडेचा एक दगड बाजूला सारला. खाली ओल धरून साचलेली माती आणि गंजून पत्र्याची चाळणी. दुसरा सारला, तेच. मधला उघडा पत्रा बोटानं वाजवला तर खणखणीत! ज्यांनी छप्पर राखायचं त्या दगडांनीच ते खाल्लं होतं. तिनं खडू काढला आणि सडक्या पत्र्यांवर फुल्या मारत सुटली.

खालून गुणाबाई ओरडली, "काय गं, वरून माझं घर दिसतंय का?"

"दिसतंय की मावशी. तुमची डाळ करपून राहिली!"

गुणाबाई पळाली.

मग शिवकन्यानं ज्यांना भाव विचारायचा त्या सगळ्यांना एकच काम सांगितलं. फुली मारलेले पत्रे काढायचे, तेवढ्याच जाडीचे नवे घालायचे, पत्रा पाइपाला आवळणारे सगळे हूक नवे आणि दगड एकही नको. लातूरच्या एकानं मोबाईलवर फोटो बघूनच सगळ्यांत कमी आकडा सांगितला.

"हूक अन् गाडीभाडं धरून का?" शिवकन्यानं विचारलं.

"ते येगळं, ताई."

"मजुरी?"

"तीबी येगळी."

"अन् निघालेलं भंगार?"

"ते आमीच नेतो की."

"मग भाऊ, धरलंय काय? नुस्ता नमस्कार?"

गावातला पत्रेवाला संगमेश्वर आला तो आधी माझ्यापाशी. चढला, ठोकून बघितलं, फुल्यांत स्वतःची एक फुली वाढवली आणि उतरून एकेक बाब वेगळी सांगितली. "भिंतीकडचा पाईप उघडल्याबिगर कळत न्हाई, वहिनी. त्याच्या नावानं थोडं बाजूला ठिवा." त्याचा आकडा जमवलेल्या पैशांत बसत होता, आणि बाजूला ठेवायलाही उरत होतं.

भागवत म्हणाला, गुपचूप उरकून टाकू. शिवकन्या ऐकेना. "आक्काच्या कानावर दुसऱ्याकडनं गेलं तर कायमचं तुटंल. मी दाजीच्या तोंडावर बोलते."

दयानंदाला पुन्हा बोलावलं. फुल्यांचं ऐकून त्याचा चेहरा पडला. "म्हंजे तू माझा अंदाज तपासून राहिली?"

"तुमालाच तपासायला बोलवलंय, दाजी. चढा अन् बगा. माझं चुकलं असंल तर तुमचा आकडा खरा."

आता मागं फिरायची सोय नव्हती. समोर साडू उभा, भिंतीपलीकडं गुणाबाईच्या बांगड्या वाजत होत्या.

त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मला सगळं कळलं. तळपाय गारठलेला, घामानं निसरडा. मधोमध आला आणि थिजला. वरही जाईना, खालीही येईना. त्याची थरथर माझ्या पाइपांतून थेट जमिनीत उतरत होती.

मला शिवकन्यानं धरलं होतं. ती थरथर तिच्याही हाताला लागली. तिनं आधी भागवतला सांगितलं, "अहो, चहा उतू जातोय, बगा!" तो आत गेला. मग ती स्वतः एक पायरी वर आली, दाजीची टाच हातात धरली आणि हळूच म्हणाली, "डावा पाय खाली घ्या. मी हाय." आणि लगोलग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "उतरा दाजी! लई बगितलं! उतरा म्हनते ना!"

भिंतीपलीकडच्या बांगड्या थांबल्या. गुणाबाईला ऐकू आलं ते एवढंच, आणि तेवढंच नळावर पोहोचलं.

दयानंद माझ्या पायथ्याशी बसला. उदगीरकडच्या एका मंगल कार्यालयाच्या छपरावरून तो पूर्वी एकदा घसरला होता. हाड शाबूत राहिलं, हिंमत मोडली.

"तवापासून चढनं व्हत न्हाई," तो म्हणाला. "खालूनच अंदाज सांगतो. कमी पडू नये म्हून सगळंच बदला म्हनतो. लोक दुसऱ्याकडं जातात. तुझ्या आक्काला ठावं न्हाई."

शिवकन्यानं विचारलं, "माप घेनं, कापनं, भोकं पाडनं, हे खाली बसून व्हतंय का?"

"त्यात माझा हात कोन धरंल?"

"मग खालचं तुमी, वरचं संगमेश्वर. आकडा ठरला तोच. पन आक्काला तुमीच सांगायचं. मी सांगितलं तर ती चुगली व्हईल."

काम झालं. भिंतीकडचा पाईप सडलेलाच निघाला, पण त्याचे पैसे बाजूला होते म्हणून कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. शेवटी भागवत हातात दगड घेऊन घुटमळत होता. "एक ठिवू का? मनाला बरं वाटतंय."

"उशाला घ्या," शिवकन्या म्हणाली.

नवं छप्पर बघायला वर्षाराणी जळकोटहून आली. गुणाबाईला कुठला दम निघतोय! "काय गं वर्षे, तुझ्या नवऱ्याला हिनं शिडीवरून हाकललं म्हनं?"

"उतरवलं, मावशी," वर्षाराणी म्हणाली, "ते खरं हाय. हाकललं, हे तुमच्या पदरचं."

"मग उतरवलं तरी कशापायी?"

बहिणींनी एकमेकींकडं बघितलं. "चहा निवत व्हता," शिवकन्या म्हणाली.

बिचारी गुणाबाई! भाडं बुडाल्यासारखी मला ओढत घरी घेऊन गेली.

आता माझा रंग उडालाय, एक पायरी थोडी वाकलीय, पण मी अजून भक्कम उभी आहे. छपराचा अंदाज घ्याल तेव्हा, बाबांनो, आधी माझ्यासारखीला बोलवा. सांगणाऱ्याला वर जाऊन बघू द्या. तो आपला असो की परका, आकड्यात काय धरलंय ते मोकळेपणानं विचारा. आणि एखाद्याला चढवत नसेल, तर तसं बोलायला त्याला जागा ठेवा.

दयानंद हल्ली इकडं आला की गिरणी सुरू व्हायची वाट बघतो. तिच्या आवाजात, कुणाचं लक्ष नाही असं पाहून माझ्यापाशी येतो, पहिल्या पायरीवर थोडा वेळ उभा राहतो आणि उतरतो. गुणाबाईला हे अजून माहीत नाही, तुम्हीही सांगू नका.

परवा तो दुसऱ्या पायरीवर उभा राहिला. तळपाय कोरडा होता.