गादी खराब होईल

"आजी, हे कधीपासून आहे?"

सिस्टरांनी अंथरुणाला खिळलेल्या लिफ्टवाल्यांचा सदरा मानेपर्यंत वर सरकवला होता आणि त्या वाकून पाठीकडे बघत होत्या. पाठभर घामोळं पिकलं होतं. खाली माकडहाडापाशी तळहाताएवढी कातडी जांभळी पडली होती आणि मधोमध ती फाटून आतलं ओलं मांस दिसत होतं.

"आधी नुसतं लाल होतं," लिफ्टवाल्यांची बायको, काकू, म्हणाल्या. "पावडर लावत होते मी."

"कूस बदलता ना यांची?"

"बदलते हो. हात भरून येईस्तोवर बदलते."

दवाखान्यातून अधूनमधून येणाऱ्या या सिस्टर एरवी रक्तदाब बघायच्या, दोन शब्द बोलायच्या आणि निघायच्या. आज वासाने त्या थबकल्या होत्या. त्यांनी चादर चिमटीत धरून ओढली. चादर सर्रकन निसटली आणि खालचं प्लास्टिक करकरलं. दुकानातून आली तेव्हाची जाड पिशवी गादीवर तशीच होती. तिच्यावर घामाचं पाणी साचलं होतं.

"हे का काढलं नाही?"

"राहू द्या ते," काकू घाईघाईने म्हणाल्या. "गादी खराब होईल."

बोलून गेल्या आणि कुणीतरी थोबाडीत मारावी तशा चपापल्या. वाक्य त्यांचं नव्हतं, मुलाचं होतं. इतके दिवस ऐकून ऐकून ते त्यांच्या जिभेवर बसलं होतं.

लिफ्टवाल्यांनी डोळे उघडले. अर्धांगवायूने उजवं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती, पण स्वभाव जागेवर होता.

"सिस्टर," ते अडखळत म्हणाले, "एक बाजू... भाजून झाली. उलटा आता मला."

सिस्टरांना हसू आलं नाही. "घाम जिरायला जागाच नाही, आजी. माणूस ओल्यात पडून राहिला की कातडी नरम पडते, मग चादर सरकली तरी सोलवटून निघते. हे आजच्या आज काढा. सुती चादर घाला, ताणून. आणि डॉक्टरांना आणते मी. जखम खोल गेलीय."

जखमेवर पट्टी लावून त्या गेल्यावर काकू पलंगाच्या कडेला बसल्या. नवऱ्याच्या पाठीवर त्यांनी वर्तमानपत्राने वारा घातला. हा माणूस उभ्या जन्मात उभाच राहिलेला. एका उंच इमारतीची लिफ्ट चालवण्यात त्याची सगळी हयात गेली. आत स्टूल होतं, पण साहेब लोक उभे असताना आपण कसं बसायचं म्हणून ते स्टूल त्याने कधी वापरलं नाही. संध्याकाळी घरी येऊन कापसाच्या जुन्या गादीवर पाठ टेकली की म्हणायचा, "अगं, आलं बघ तळमजल्यावर." ती गादी मुलाने पलंग बदलताना टाकून दिली. डागाळलेली, कळकट, कोणी आलं-गेलं तर काय म्हणेल, म्हणून.

मुलगा फर्निचरच्या मोठ्या दुकानात विक्रीला होता. नवी गादी त्याने स्वतः निवडून आणली तेव्हा काकूंना भरून आलं होतं. शेजारणीला बोलावून त्यांनी ती दाबून दाखवली होती.

त्या संध्याकाळी मुलगा कामावरून आला, तसं काकूंनी सांगितलं.

"सिस्टर म्हणाल्या, प्लास्टिक काढा."

"त्यांचं काय जातंय सांगायला?" मुलाने बूट काढत म्हटलं. "हॉस्पिटलात रबरी कापड घालतातच की. बाबांना कळत नाही, आई. कधी पलंगावरच होतं. एकदा आत मुरलं की गादी गेली."

"पण पाठ..."

"मलम आणतो ना."

"त्यांना गरम होतं रे. सारखं सांगतात."

"पंखा मोठा करू." मग त्याने आवाज खाली आणला. समजूत काढावी तसा तो म्हणाला, "हे बघ, गादी चांगल्यातली आहे. आज ना उद्या ती घरात आपल्यालाच वापरायचीय. जरा विचार कर."

सूनबाई दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तिने चटकन मान खाली घातली. आज ना उद्या! शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात काकूंनी वर्षानुवर्षं कॉलर जोडल्या होत्या. सुपरवायझर अंगावर ओरडला तरी मान वर न करता मशीन चालवायची, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. आपल्याला रागच येत नाही, असं त्यांना खरोखर वाटत आलं होतं. पण त्या शब्दांनी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती खाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला. काकूंनी कपाटातून कापड कापायची कात्री काढली. कारखाना सोडताना त्यांनी ती मागून घेतली होती.

"आई, काय करताय?" सूनबाईने विचारलं.

"इकडे ये. यांना कुशीवर धर."

"हे घरी आल्यावर रागावतील हो."

"रागावू दे. धर म्हणते ना!"

सासूचा असा आवाज सूनबाईने कधी ऐकला नव्हता. तिने मुकाट्याने सासऱ्यांना भिंतीकडे वळवून धरलं. काकूंनी उशाकडून कात्री घातली आणि पायथ्यापर्यंत सरळ रेषेत कापत नेली. प्लास्टिक ताणलं जाऊन फाटत होतं. अर्धं काढून झाल्यावर त्यांनी लिफ्टवाल्यांना दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि उरलेलं खसकन ओढलं.

खोलीत असा वास पसरला की सूनबाईने पदर नाकाला लावला. पिशवी शिवणीपाशी कधीचीच उसवली होती. तिथून जे आत गेलं होतं ते आतच कोंडून राहिलं होतं. मधला भाग ओलाचिंब होता. त्यावर काळ्या-हिरव्या बुरशीचे ठिपके उगवले होते. ज्या गादीपायी एवढं सगळं, ती गादीही आतून सडली होती.

सूनबाईला रडू फुटलं. "मी रोज चादर बदलत होते, आई. रोज धुतलेली घालत होते. खाली हात लावून नाही बघितलं."

"तू नाही बघितलं, मी नाही बघितलं. रडू नको आता. गादी उतरव."

लिफ्टवाल्यांना अलगद खाली सतरंजीवर घेऊन दोघींनी मिळून गादी गॅलरीत ओढली. शेजारणीकडून कापसाची गादी मागून आणली, तिच्यावर सुती चादर ताणून घातली. लिफ्टवाल्यांना त्यावर कुशीवर निजवलं, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने चादर चाचपून बघितली आणि डोळे मिटले. एवढ्या दिवसांत दुपारभर ते पहिल्यांदाच कण्हले नाहीत.

मुलगा आला तो आधी गॅलरीत गेला.

"काय दशा केलीत गादीची! आई, तुला सांगितलं होतं मी..."

"इकडे ये."

"अगं, पण ही आता..."

"आधी इकडे ये म्हणते!"

काकूंनी त्याच्या मनगटाला धरून त्याला आत आणलं. चांगल्या दणकट मुलाला त्यांनी लहान पोरासारखं ओढत आणलं. सदरा वर केला, जखमेवरची पट्टी उचलली.

"बघ. नाक धरू नको, बघ नीट. गादीला काही झालं तर तुला लगेच दिसतं. बापाची पाठ कधी बघितलीस? मलम आणून टेबलावर ठेवतोस, लावलंस कधी तुझ्या हाताने? आपल्यालाच वापरायचीय म्हणालास. मेल्यावर ना? हा जिता आहे रे! जित्या माणसाचं कातडं सडलं, आणि मी इथे बसून पावडर थापत होते. तू म्हणालास म्हणून!"

मुलगा बघत राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला. "मला वाटलं, साधं पुरळ असेल," तो पुटपुटला.

"वाटलं!" काकू म्हणाल्या आणि पट्टी पुन्हा बसवायला लागल्या. पट्टी त्यांनी वाकडी होऊ दिली नाही.

डॉक्टर आले. मेलेली कातडी कापून काढावी लागली. मुलाने कुठूनतरी जखमेवर दाब पडू न देणारी हवेची गादी मिळवून आणली, स्वतः बसून फुगवली. त्यानंतर कामावरून आला की तो हात धुऊन बापाची पट्टी बदलायचा. काकू त्याला कापूस द्यायच्या, पाणी द्यायच्या. बोलायच्या मात्र नाहीत. एकदा तो म्हणाला, "आई, काहीतरी बोल ना गं." काकूंनी वाटी उचलली आणि त्या मोरीकडे गेल्या.

घामोळं गेलं. पाठीची वरची कातडी सुधारली. पण खालची जखम हाडापर्यंत पोचली होती. ती भरून आल्यासारखी वाटायची आणि पुन्हा चिघळायची. मग ताप यायला लागला. शेवटी एका सकाळी, खिडकीतून ऊन पलंगावर आलेलं असताना, लिफ्टवाले गेले.

माणसं जमली. मुलाच्या दुकानातले दोघे-तिघे आले. लांबच्या नात्यातला एक चुलता मोठ्याने म्हणाला, "पोराने केलं हो बापाचं. एवढी भारी गादी आणली होती म्हणे."

मुलाने मान वर केली नाही. काकूंनी चुलत्याकडे सरळ बघितलं.

"त्याच गादीने पाठ खाल्ली त्यांची," त्या म्हणाल्या.

चुलत्याने नजर वळवली. कामं उरकायला हवीत म्हणून दोघा माणसांनी पुढे होऊन लिफ्टवाल्यांना उचललं आणि जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर उताणं ठेवलं.

"पाठीवर नको," काकू म्हणाल्या.

"काकू, आता त्यांना कुठलं दुखायला?" दुकानातला एकजण हलक्या आवाजात म्हणाला.

"पाठीवर नको म्हणते मी."

कोणाला काय करावं कळेना. मुलगा उठला. माणसांना बाजूला सारून तो खाली बसला, बापाच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले आणि सवयीच्या हाताने, अलगद, त्यांना कुशीवर वळवलं. वळवताना सदरा वर सरकला आणि पट्टीची कड दिसू लागली.

काकू वाकल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी तो सदरा खाली ओढून नीट केला आणि मुलाच्या शेजारी जमिनीवर बसल्या.