ऑटो काढला

त्या सकाळी बेलापूरच्या वस्तीवर भीमराजच्या पायाला भिंगरी लागली होती. त्याची लेक, मेजर यशोधरा, आफ्रिकेत शांतिसेनेच्या संचलनाचं नेतृत्व करणार होती आणि ते अकरा वाजता थेट दिसणार होतं. तरुणपणी भीमराजही तिकडे शांतिसेनेची निळी टोपी घालून गेला होता. पण तेव्हा हुकूम परक्या साहेबाचा, आपली पोरं नुसती पहाऱ्याला. आज हुकूम त्याच्या पोरीचा! देशोदेशीचे जवान तिच्या आवाजावर पावलं टाकणार! आनंदाने भीमराजला घास जाईना.

बायकोला, गीताबाईला, मोबाईलवर धड दिसत नाही, म्हणून त्याने शेजाऱ्याचा मोठा टीव्ही आणून ओसरीत मांडला. घोडं अडलं ते डीपीपाशी, वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी. वस्तीची वीज अकराच्या आधी यायची नाही, आणि आली की सगळ्यांच्या विहिरींवरच्या मोटारी आपोआप एकदम चालू व्हायच्या, कारण प्रत्येकाने स्टार्टरला ऑटोची डबी बसवलेली. मग डीपी उडणार हे ठरलेलं. तासभर ऑटो काढा, म्हणून भीमराज दारोदार विनवून आला. सगळ्यांचं उत्तर एकच, "आधी कानिफनाथला काढाया सांग." आणि कानिफनाथशी तर बांधावरून कैक वर्षं अबोला!

"न्हाई दिसत आता माझी पोर," गीताबाई रडकुंडीला आली.

भीमराज मटकन खाली बसला. तेव्हा त्याला यशोधराचं फोनवरचं बोलणं आठवलं. "बाबा, तुमी भांडणाऱ्या दोघांच्या मधी नुसतं उभं राहायचात. आमी आधी आमच्याच बंदुका गाडीत ठेवतो, मग गावच्या बायांत जाऊन बसतो."

तो ताडकन उठला. पेचकस घेऊन त्याने आपल्याच मोटारीचा ऑटो काढला आणि थेट कानिफनाथची पायरी चढला.

"कानिफभाऊ, ह्यो माझा ऑटो. तुमच्यापाशीच ठिवा, पानी बी आधी तुमीच घ्या. तेवढी पोर दिसू द्या."

कानिफनाथ त्या डबीकडे बघत राहिला. भीमराज हात हलवत परतला.

अकराला वीज आली. भीमराजने श्वास रोखला. एकही मोटार वाजली नाही! टीव्ही उजळला आणि निळ्या टोपीतल्या यशोधराने आरोळी ठोकली. पिकाला पाणी द्यायला दारं धरताना शेताच्या टोकावरून ती अशीच ओरडायची. सगळ्या रांगा तिच्या शब्दासरशी वळल्या.

"अगं बया, माझी यशू!" गीताबाई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटू लागली. भीमराजचे डोळे घळाघळा वाहू लागले.

इतक्यात मागून त्याला कोपर लागलं. कानिफनाथ उभा होता. एका हातात भीमराजचा ऑटो, दुसऱ्या हातात स्वतःचा, आणि मागे अर्धी वस्ती.

"सरक की भीमराज," तो म्हणाला, "आपली पोर मलाबी बघू दे."