बुजवलेल्या विहिरीवरचं सोयाबीन

समुद्राकाठच्या उत्तनला कॅजिटनच्या शेतात दोन वर्षं भात झाला नाही. उधाणाचं पाणी बांध ओलांडून आत यायचं आणि पाऊस उघडला की जमिनीवर पांढरं मीठ फुटायचं. यंदा त्याने उंच वाफे केले, खारं पाणी निघून जावं म्हणून मध्ये चर ठेवले, वाफ्यांवर सोयाबीन पेरलं आणि पेंढा अंथरला.

ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली. शेत पिवळं पडलं. एका कोपऱ्यात मात्र थाळीसारखं गोल हिरवं राहिलं.

"असं गोल पेरलंस?" त्याच्या बायकोने, ज्युलिएटने विचारलं.

"न्हाय. मी तर सरळ ओळी टाकल्या."

त्याच दुपारी दोघांना कप्पीचा आवाज आला. दोर सरकावा, बादली वर यावी, तसा. त्यांच्या शेतात विहीर नव्हती.

रविवारी शहरात राहणारा मुलगा, गेविन, बेव्हर्ली पार्कहून आला. माणसं लावून त्याने त्या हिरव्या गोलाच्या मधोमध खणलं. कमरेएवढ्या खोलीवर बुजवलेल्या विहिरीचं दगडी कडं लागलं, आणि आतली माती उपसल्यावर बरंच खाली पाणी. गोडं होतं. काठाच्या दगडावर दोराने पडलेले खोल वळ होते. त्यांत काथ्याचे ओले तंतू अडकले होते.

"ह्यो दगड आत्तापातूर मातीखाली व्हता," कॅजिटन हळूच म्हणाला.

गेविनने मोटार बसवली आणि सगळं शेत भिजवून काढलं. मोटार होती तोवर कप्पीचा आवाज आला नाही. आठवड्याभरात पाणी खारट झालं, आणि पानांच्या कडा करपल्या त्या आधी हिरव्या गोलातल्याच.

"दर्या जवळ हाय, पोरा. गोडं पाणी वरच्या वर असतं," कॅजिटन म्हणाला. "लय उपसलं की खालनं खारं येतं."

"मला वाटलं, पीक तरी वाचेल," गेविन म्हणाला. त्याने स्वतःच मोटार काढून ठेवली.

पुढच्या रविवारी तिघं बांधावर जेवत असताना कप्पी पुन्हा कुरकुरली. विहिरीवर ना कप्पी होती, ना दोर. गेविन उठला. ज्युलिएटने त्याचं मनगट धरलं.

"नको जाऊ. ज्यांची विहीर, त्यांना काढू दे पाणी."

आवाज थांबल्यावर ते तिकडे गेले. पानं कोरडी होती. पेंढा उचलून पाहिला तर प्रत्येक रोपाच्या बुडाशी तेवढीच माती ओली होती. कॅजिटनने विहिरीचं पाणी जिभेवर घेतलं. खारटपणा गेला होता.

त्यानंतर त्यांनीही तसंच केलं. संध्याकाळी हाताने थोडं पाणी काढायचं आणि पेंढ्याखाली मुळाशी ओतायचं. पीक बेताचं आलं, पण आलं. कापणीला कॅजिटनने रोपं उपटली नाहीत. जमिनीला खत होईल म्हणून मुळं आतच ठेवून विळ्याने वरून कापली. विहिरीभोवतालचा गोल ज्युलिएटने कापू दिला नाही.

"कोणासाठी ठेवलास, मम्मी?" गेविनने विचारलं.

"ज्यांनी पाणी घातलं त्यांच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोल रिकामा होता. शेंगांचा एक दाणाही खाली सांडला नव्हता. बुडखे एका उंचीचे, विळ्याने कापलेले. मुळं जमिनीतच होती.

कॅजिटनने डोक्यावरची टोपी काढली आणि ज्युलिएटला म्हणाला, "फुडल्या वर्षी इथं जरा जास्त पेरू."