ताकात विझवलेली पास

मित्रांनो, मी एक जुनी पास आहे. परीक्षेतली नव्हे, वखराला लावतात ती रुंद लोखंडी पट्टी. मालेगावच्या लोहारानं मला ठोकलं, तेव्हा उडालेल्या ठिणगीवर तिकडे शिरपुरात एकानं विडी पेटवली! मी वावरात शिरले की शेजारच्या वावरातलं गवतसुद्धा भिऊन आडवं व्हायचं. पुढे झिजले, आणि माझ्या मालकानं, पुंजाजीनं, मला चुलीशी आणून टाकलं. तिथं माझ्या नशिबी ताक आलं.

गोष्ट पंचाहत्तर सालची. पुंजाजीची बायको पंचफुला बाजारात मेथी विकायची. तिच्यासारखी घट्ट जुडी कुणालाच जमत नसे. त्या साली तिची बोटं आणि गुडघे सुजले, चेहरा पांढरा पडला. मूठ मिटेना. बांधता बांधता जुडी सुटून जाई.

"अंगात रगतच नाही," पुंजाजीनं ठरवून टाकलं. झालं! अशक्त माणसाला आमच्याकडे लोखंड विझवलेलं ताक देतात. रोज सकाळी मला लालभडक तापवायचं, आंबट ताकात चर्रकन बुडवायचं आणि ते काळं ताक तिला पाजायचं.

"घे वो, पे. लोखंडावानी होशीन."

"अजी, गुडघा भोपळ्यावानी झाला. अजून कायले पाजून राह्यले?"

"लोखंड कमी पडून राह्यलं!" असं म्हणून तो मला दोनदा बुडवायचा. सूज वाढली की हा लोखंड वाढवायचा. मी चर्र चर्र ओरडून सांगायची, 'अरे बाबा, पुरे!' त्याला वाटायचं, गुण येतोय.

शेवटी पंचफुला कडाडली, "डाक्तरले दाखवा, नाही तं हे ताक तुमीच प्या!"

पुंजाजीनं मलाही पिशवीत घालून नेलं, मोठ्या अभिमानानं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, हा संधिवात आहे. सूज असली की अंगातलं लोखंड अडकून पडतं, रक्ताला मिळत नाही. वरून पाजलेलं सांध्याच्या अस्तरातल्या पेशींत साठतं आणि सूज आणखी भडकवतं. आधी सूज उतरवू. हे ताक बंद!"

गोळ्या सुरू झाल्या. सूज हळूहळू ओसरली. पण पुंजाजीला धीर कुठला? एका सकाळी त्यानं मला पुन्हा चुलीकडे नेलं. "जराकसंच देऊन पाहू."

पंचफुला ताडकन उठली. मला त्याच्या हातातून हिसकलं आणि दारातून असं भिरकावलं, की मी थेट उकिरड्यात रुतले.

"तापवा आता!"

पुंजाजी माझ्याकडे पाहतच नव्हता. तो तिच्या हाताकडे पाहत होता.

"पंचफुला, तुही मूठ मिटली वो!"

मित्रांनो, तिनं मला धरलं तसं घट्ट वखरानंही कधी धरलं नव्हतं. मी अजून इथंच गंजते आहे. उचलायचं तर उचला, मातीत घाला, धार लावा. पण दुखणं काय आहे ते कळल्याशिवाय मला कुणाच्या पोटात घालू नका!