चाळीस घरांचं झबलं

सायराकानने दोरी हाताला दोन वेढे देऊन ओढली आणि टोपली तिसऱ्या मजल्याच्या सज्जापर्यंत वर आणली. आत निळ्या ठिपक्यांचा, तळहाताएवढा एक तुकडा होता. त्याला टाचणीने चिठ्ठी टोचली होती: घर क्रमांक एकतीस. तिने तो तुकडा चिमट्याने उचलला, कारण लेकीचा, आयजातचा, तसा हुकूम होता, आणि शेगडीवर उकळणाऱ्या पातेल्यात सोडला.

"एकोणचाळीस झाले," ती म्हणाली.

"मग पुरे की," आयजात म्हणाली. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. "मोजायला कोण येणार आहे?"

"मोजायला कोणी येत नाही, म्हणूनच नीट मोजायचं असतं."

बाळ आज सदतीस दिवसांचं झालं होतं. चाळिसाव्या दिवशी त्याला आंघोळ घालून चाळीस घरांच्या चाळीस तुकड्यांचं झबलं घालायचं. आपल्या गावी, कोचकोरला, सायराकानने हे काम एका सकाळीत उरकलं असतं. गल्लीच्या या टोकाला शिरायचं आणि त्या टोकाला चहा पिऊन, पदरात चिंध्या घेऊन बाहेर पडायचं. पण ती लेकीच्या बाळंतपणाला म्हणून अल्माटीला आली आणि पाठोपाठ साथ पसरून सीमा बंद झाली. जावई मालमोटार घेऊन पलीकडे बिश्केकला अडकला. इकडे शहर बंद, फाटकावर पोलीस, आणि लेक सहा वर्षं या इमारतीत राहूनही तिला शेजारणीचं नाव सांगता येत नव्हतं.

"सहा वर्षं!" सायराकानने कपाळाला हात लावला होता. "अगं, मेंढरंसुद्धा एका कुरणात सहा दिवस चरली की एकमेकांना ओळखतात."

इमारतीत दोन जिने आणि बरोबर चाळीस घरं होती. हे कळलं तेव्हा तिला तो शकुनच वाटला. पहिला तुकडा तिने स्वतःच्या डोक्यावरच्या रुमालाचा कापला. राहिली एकोणचाळीस घरं. रोज सकाळी दहाला फाटकाशी पावाची गाडी येई आणि लोक तोंडाला फडकी बांधून एकेक मजला करत खाली उतरत. तेवढ्या वेळात ती टोपली जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर लोंबकळत ठेवी आणि सज्जातून ओरडे, "एक चिंधी द्या हो, नातवासाठी! जुनी चालेल, फाटकी चालेल, मनापासून दिलेली हवी!"

पहिले दोन दिवस लोकांनी तिला वेडी ठरवलं. तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या तुर्दाखुनने, ज्याची खानावळ बंद होती आणि जो दिवसभर सज्जात बसून दुतारीच्या तारा छेडत होता, आपल्या एप्रनचा खिसाच कापून टाकला. "घे, आपा! याला पंचवीस वर्षांच्या रश्श्याचा वास आहे. पोरगं उपाशी नाही राहायचं!" मग गालिनाने लाल पडद्याची पट्टी दिली. तिने खिडकीत टोमॅटोची रोपं लावली होती आणि ती त्यांच्याशी माणसांपेक्षा जास्त बोलत असे. त्या पट्टीचा रंग उकळताना सुटला आणि सात तुकडे गुलाबी झाले. आयजात चिडली, सायराकान मात्र हसली. घरात बसून लोकांना करायला काही नव्हतंच. कुणी कपाटं आवरत होतं, कुणी जुने फोटो चिकटवत होतं, आणि आवरता आवरता कपडे सापडत होते. टोपली भरत गेली.

आता एकच घर राहिलं होतं. क्रमांक तीन, तळमजल्यावर, बरोबर त्यांच्या सज्जाखाली. टोपली रोज त्याच खिडकीसमोर लोंबत होती.

तीन आठवड्यांपूर्वी त्या घरातून पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी म्हाताऱ्या झेइनोल्लाला उचलून नेलं होतं. तो परत आला नाही. पुढे कळलं, तो आजार नव्हताच, हृदय थांबलं होतं. पण एकदा बसलेली धास्ती कागद दाखवून उठत नाही. त्याची बायको कुल्याश खिडकीच्या पडद्याआड असायची. पावाची पिशवी पोलीस तिच्या दाराला अडकवून जाई.

"त्या घरचं कापड मी माझ्या बाळाच्या अंगाला लागू देणार नाही," आयजात म्हणाली. "मेल्या घरचं आहे, आई. तूच म्हणायचीस ना, चिंधी भरल्या घरची घ्यावी म्हणून?"

सायराकान तसं म्हणायची, हे खरंच होतं. तिने डोक्यावरचा रुमाल सोडला, मांडीवर पसरला आणि कात्री घेतली. यातूनच आणखी एक तुकडा कापला की चाळीस. कात्रीची पाती रुमालाच्या कडेवर टेकली. मग तिने कात्री मिटून खाली ठेवली, रुमाल पुन्हा बांधला आणि पायांत जोडे घातले.

"कुठे निघालीस?"

"मागायला."

"आई, ऐक माझं!"

"अडतीस दारं मागितली आणि एक चुकवलं, तर मी बाळासाठी मागितलं नाही, माझ्या सोयीने मागितलं," सायराकान म्हणाली आणि जिना उतरली.

खिडकीपासून चार पावलांवर ती उभी राहिली. खोकली. पडदा लगेच सरकला, जणू कुणी हात लावूनच बसलं होतं. कुल्याशने तावदान उघडलं. बुटकी, ताठ बाई. तोंडावरचं फडकं इस्त्री केलेलं.

"आलीस?" ती म्हणाली. "तुझी टोपली सोळा दिवस माझ्या नाकासमोर हलते आहे, बाई. मला वाटलं, कधीतरी काचेवर टकटक करशील."

सायराकान जिन्यात जुळवलेली वाक्यं एकदम विसरून गेली. "खोटं नाही बोलत, आपा. भ्याले."

"आजाराला, की माझ्या दाराला?"

"दोन्हीला."

कुल्याशने मान हलवली. रागावल्यासारखी नाही, हिशेब जुळल्यासारखी. "थांब," ती म्हणाली आणि आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या सुती कापडाची घडी होती, दुकानातून आणल्यावर एकदाही न उलगडलेली. घडीच्या रेषा पिवळ्या पडल्या होत्या.

ते कापड कशासाठी आहे हे सायराकानला विचारावं लागलं नाही. तिच्या स्वतःच्या पेटीतही तसंच एक होतं, कोचकोरला. पिकलं पान गळलं की मयतीला आलेल्या माणसांना कापड फाडून तुकडे द्यायचे, आणि लोकांनी ते घरी नेऊन लेकरांच्या कपड्यांना लावायचे, त्या म्हाताऱ्याएवढं आयुष्य लाभावं म्हणून. तरुण मेला तर त्याचं कापड कुणी मागत नाही. म्हाताऱ्याच्या कापडासाठी मात्र ओढाताण होते.

"एक्याण्णव वर्षं जगला," कुल्याश म्हणाली. "गावाकडे असता तर हे कापड पुरलं नसतं. भांडली असती माणसं." ती थांबली. "चार जण होते पुरायला. तेही पोलिसांनी मोजून सोडलेले. मला जाऊ दिलं नाही. मी घरी हे कापड काढून बसले होते, दार उघडं टाकून. कुणी आलं नाही फाडायला."

आपण तेव्हा वर बसून सज्जाचं दार लावून घेतलं होतं, हे सायराकानला आठवलं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मला एक तुकडा हवाय," ती म्हणाली. "पण मी अख्खं कापड नेते. चालेल?"

कुल्याशने घडी खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

घरी आल्यावर सायराकान सज्जात उभी राहून कापड फाडू लागली. हे कापड कात्रीने कापत नाहीत. दाताने कड सोडवायची आणि हाताने ओढायची. चरचर आवाज घरभर झाला. आयजात दारात येऊन उभी राहिली. सायराकानने काय ते सांगितलं. मग तिने बाळाला पाळण्यात ठेवलं, हात धुतले आणि कापडाचं दुसरं टोक धरलं.

चाळिसाव्या दिवशी सकाळी दहाला टोपली पुन्हा खाली गेली.

"अजून पुरलं नाही का, आपा?" तुर्दाखुन फाटकाकडे जाता जाता ओरडला. "आता माझी विजारच राहिली आहे!"

"आज मागत नाही रे, देतेय!" सायराकान वरून म्हणाली. "झेइनोल्ला आजोबांचं कापड आहे. घरटी एक तुकडा. घेण्याआधी खिडकीशी दोन शब्द बोल."

तुर्दाखुनने टोपलीत पाहिलं. तो उइगुर होता, दुसऱ्या जमातीचा, तरी त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने टोपी काढली आणि खिडकीपासून चार पावलं दूर उभा राहिला.

"आजी, फार वाईट झालं. किती वर्षांचे होते?"

"एक्याण्णव," कुल्याश म्हणाली.

"आमच्याही पोरांना तेवढं मिळो," तो म्हणाला आणि एक तुकडा घेऊन खिशात घातला.

त्याच्यामागे गालिना उभी होती. तिला ही रीत ठाऊक नव्हती, म्हणून तिने टोमॅटोचं एक रोप आणलं आणि कठड्यावर ठेवलं. मग दुसऱ्या जिन्याचे लोक आले. चार-चार पावलं सोडून रांग फाटकापर्यंत गेली. पोलिसाने एकदा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि पावाच्या गाडीवाल्याला हाताने थांबायची खूण केली. प्रत्येकजण तेच विचारत होता आणि कुल्याश प्रत्येकाला तेच सांगत होती. पहिल्या दहा-बारा वेळा तिचा आवाज कापरा होता. पुढे तो स्थिर झाला, आणि शेवटी शेवटी तर त्यात थोडा तोराही आला.

टोपली रिकामी झाल्यावर आयजात बाळाला घेऊन खाली आली. रंगीबेरंगी झबल्यात, गुलाबी झालेल्या सात तुकड्यांच्या आणि एप्रनच्या खिशाच्या मधोमध, छातीवर एक पांढरा तुकडा होता. तिने बाळाला खिडकीसमोर उंच धरलं.

रांग संपली हे कुल्याशच्या लक्षात आलं नसावं. तिचा हात कठड्यावर चाचपडला, टोमॅटोच्या रोपाला लागला. मग तिने वर पाहिलं.

"किती वर्षांचा?" सकाळभर ऐकलेला प्रश्न तिच्याच तोंडून निघाला.

"चाळीस दिवसांचा, आपा," आयजात म्हणाली.

कुल्याश त्या पांढऱ्या तुकड्याकडे पाहत राहिली.

"मग पुष्कळ वेळ आहे त्याच्याकडे," ती म्हणाली, आणि तावदान उघडंच ठेवून चहाचं आधण टाकायला आत गेली.